शिडीच्या पायऱ्या कुणी सांभाळायच्या?

१४ ऑगस्ट २०१३ च्या रात्री वेम्बलीवर इंग्लंड आणि स्कॉटलंड २-२ अशा बरोबरीत असताना वेन रूनीच्या जागी एकतीस वर्षांचा एक दांडगा स्ट्रायकर मैदानात उतरला. तीन मिनिटेही झाली नसतील, तोच लेटन बेन्सने कॉर्नर मारला आणि या नवख्याने तो चेंडू डोक्याने थेट जाळ्यात धाडला. देशाकडून खेळताना चेंडूला झालेला त्याचा तो पहिलाच स्पर्श होता. इंग्लंडने सामना ३-२ असा जिंकला, आणि रिकी लॅम्बर्ट या नावामागची सगळी हकीकत लोक पुन्हा एकमेकांना सांगू लागले. हाच माणूस बारा वर्षांपूर्वी क्लबविना घरी बसला होता, आणि पोटासाठी एका कारखान्यात दिवसाला २० पौंडांवर बीटाच्या बरण्यांना झाकणे लावत होता.

ही हकीकत जिथे जिथे सांगितली जाते तिथे तिचे तात्पर्य एकच असते: जिद्द धरली, कष्ट केले, तर माणूस कुठूनही कुठेही पोहोचतो. लॅम्बर्टच्या जिद्दीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण हे तात्पर्य अर्धेच आहे, आणि उरलेले अर्धे न सांगितल्यामुळे सार्वजनिक चर्चेत मोठे नुकसान होते, असे माझे स्पष्ट मत आहे. लॅम्बर्ट चढला हे खरे, पण चढायला शिडी होती म्हणून चढला. त्या शिडीच्या प्रत्येक पायरीचे पुढे काय झाले हे पाहिले, तर त्याच्या कारकिर्दीकडे कौतुकाइतक्याच काळजीने पाहावे लागते. इंग्लंडमध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आणणारा कायदा जुलै २०२५ मध्ये झाला. श्रीमंत वरच्या लीगचा पैसा खालच्या क्लबांपर्यंत किती पोहोचावा, हा त्या कायद्यामागचा वाद ज्यांना समजून घ्यायचा आहे त्यांनी आकडेमोडीच्या आधी या एका स्ट्रायकरचा प्रवास पायरीपायरीने पाहावा.

लॅम्बर्टचा जन्म १९८२ चा, लिव्हरपूलला लागून असलेल्या कर्कबीतला. दहाव्या वर्षी तो लिव्हरपूलच्या अकादमीत गेला आणि पंधराव्या वर्षी त्याला तिथून नारळ मिळाला. ब्लॅकपूलने त्याला घेतले, थोडेफार खेळवले आणि सोडून दिले. त्यानंतर मॅकल्सफील्ड टाउन या क्लबात तो काही महिने पगाराशिवाय सरावाला जात होता. बीटाच्या बरण्या त्या काळातल्या. मॅकल्सफील्ड हे एकेकाळी रेशमासाठी नावाजलेले गाव, आणि तिथला क्लब व्यावसायिक फुटबॉलच्या, प्रीमियर लीगपासून मोजलेल्या चार श्रेण्यांतल्या अगदी खालच्या पायरीवरचा; पण अखेर करार दिला तो त्याच क्लबाने. २००२ मध्ये स्टॉकपोर्ट काउंटीने ३ लाख पौंड मोजून त्याला नेले. तिथली वर्षे फारशी बरी गेली नाहीत. २००५ मध्ये तो रॉचडेलला गेला आणि २००५-०६ च्या हंगामात चौथ्या श्रेणीच्या लीगमध्ये त्याने २२ गोल केले. मग २ लाख पौंडांना ब्रिस्टल रोव्हर्स. तिथे २००८-०९ मध्ये तिसऱ्या श्रेणीत २९ गोल, आणि ऑगस्ट २००९ मध्ये सुमारे १० लाख पौंडांना साउदॅम्प्टन. त्याआधीच्याच वर्षी एफए कप या, लहानमोठ्या सगळ्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या पाचव्या फेरीत ब्रिस्टल रोव्हर्सने साउदॅम्प्टनला १-० असे हरवले होते, आणि तो एकमेव गोल लॅम्बर्टच्या फ्री किकवर झाला होता.

साउदॅम्प्टन तेव्हा तिसऱ्या श्रेणीत घसरले होते आणि दिवाळखोरीच्या कारवाईपायी हंगामाच्या सुरुवातीलाच त्यांचे १० गुण कापले गेले होते. लॅम्बर्टने पहिल्या हंगामात सगळ्या स्पर्धा मिळून ३६ गोल केले. दोन वर्षांनी दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, २७ गोल करून तो त्या श्रेणीतला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला आणि क्लब प्रीमियर लीगमध्ये परतला. २०१२-१३ मध्ये, वयाच्या तिशीत, प्रीमियर लीगमधल्या पहिल्याच हंगामात त्याने १५ गोल केले. त्या वर्षी फ्रँक लॅम्पार्ड सोडला तर एकाही इंग्रज खेळाडूचे तेवढे गोल नव्हते. २०१४ मध्ये लिव्हरपूलने, म्हणजे ज्यांनी त्याला पंधराव्या वर्षी घरी पाठवले त्यांनीच, ४० लाख पौंड देऊन त्याला परत घेतले.

त्याच्या खेळातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. साउदॅम्प्टनसाठी त्याने ३४ पेनल्टी घेतल्या आणि ३४ ही गोल केले. पेनल्टी ही वरवर सोपी वाटते: अकरा मीटरचे अंतर, समोर एकटा गोलरक्षक, स्थिर चेंडू. पण मोठमोठ्या खेळाडूंचे पाय तिथे थरथरताना आपण पाहिले आहेत. लॅम्बर्टचे थरथरले नाहीत. याचे कारण त्याच्या आधीच्या दहा वर्षांत आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. चौथ्या श्रेणीत, चिखलाने भरलेल्या मैदानावर, तीन-चार हजार प्रेक्षकांसमोर, ज्या सामन्याच्या निकालावर क्लबचे त्या श्रेणीतले स्थान आणि पर्यायाने पुढच्या वर्षीचा पगार अवलंबून आहे, अशा सामन्यांत ज्याने शेकडो वेळा चेंडू मारला आहे त्याचे मन वेगळेच घडते. अकादमीच्या हिरव्यागार, सपाट मैदानावर हे मन घडत नाही. तिथे तंत्र घडते, आणि तंत्राची किंमत मी कमी लेखत नाही. पण स्ट्रायकर हा प्राणी तंत्राइतकाच सवयीचा आणि पचवलेल्या अपयशांचा बनलेला असतो.

आता त्या पायऱ्यांकडे पाहू.

मॅकल्सफील्ड टाउन २०१९ मध्ये खेळाडूंचे पगार वेळेवर देऊ शकत नव्हते. नोव्हेंबरमध्ये एफए कपच्या सामन्यात पगार थकलेल्या खेळाडूंनी उतरायला नकार दिला, तेव्हा क्लबाने पोरसवदा मुलांना उतरवले आणि स्वतःपेक्षा खालच्या पातळीवरच्या किंग्स्टोनियनकडून त्यांचा ४-० असा पराभव झाला. सप्टेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने क्लब गुंडाळण्याचा आदेश दिला. कर्ज होते ५ लाख पौंडांहून थोडे अधिक. प्रीमियर लीगच्या हिशेबात ही चिल्लर आहे, पण त्या चिल्लरीपायी एका गावाचा क्लब बुडाला. त्याच मैदानावर नव्या नावाने नवा क्लब उभा राहिला, पण त्याला सुरुवात नवव्या पातळीपासून करावी लागली.

स्टॉकपोर्ट काउंटी २००९ मध्ये दिवाळखोरीमुळे प्रशासकांच्या ताब्यात गेला, २०११ मध्ये व्यावसायिक लीगच्या चारही श्रेण्यांतून बाहेर फेकला गेला आणि २०१३ मध्ये सहाव्या पातळीवर पोहोचला. परत यायला त्याला २०२२ उजाडले. रॉचडेल एक शतक लीगमध्ये टिकून होता, तो २०२३ मध्ये बाहेर पडला. ब्रिस्टल रोव्हर्स २०१४ मध्ये लीगबाहेर गेला, सुदैवाने वर्षभरात परतला. ब्लॅकपूलमध्ये मालकांनी क्लबमधून पैसा गैररीतीने काढून घेतल्याचा निकाल २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने दिला. तोवर प्रेक्षकांचा बहिष्कार आणि लागोपाठ दोन घसरणी होऊन गेल्या होत्या. आणि साउदॅम्प्टनबद्दल तर लॅम्बर्टच्या आगमनाच्या संदर्भात सांगितलेच आहे: २००९ च्या जुलैमध्ये उद्योगपती मार्कुस लीबहेर यांनी तो विकत घेतला नसता तर ऑगस्टमध्ये लॅम्बर्टला विकत घ्यायला क्लबच उरला नसता.

लिव्हरपूल वगळता, वेम्बलीवरच्या त्या गोलापर्यंत त्याने ज्या सहा क्लबांच्या खांद्यावर पाय ठेवले त्यांतला एकही क्लब धड उभा राहिलेला नाही. प्रत्येक जण कधी ना कधी कोसळला किंवा कोसळता कोसळता वाचला. हे मी योगायोग मानायला तयार नाही. ही सहा उदाहरणे मी वेचून काढलेली नाहीत, ती एका माणसाच्या पायांनी ओळीने जोडलेली आहेत.

शिवाय तो एकटाही नव्हता. रॉचडेलमध्ये त्याच्या जोडीला ग्रँट होल्ट नावाचा दुसरा स्ट्रायकर होता. होल्टनेही टायरच्या कामापासून सिंगापूरमधल्या लीगपर्यंत सगळे करून पाहिले होते. जानेवारी २००६ मध्ये तो रॉचडेल सोडून गेला आणि फिरत फिरत नॉरिचला पोहोचला. नॉरिचसाठी २०११-१२ मध्ये प्रीमियर लीगमध्ये त्याने १५ गोल केले, आणि त्याच्या पुढच्याच हंगामात लॅम्बर्टनेही बरोबर १५. चौथ्या श्रेणीतल्या एका क्लबाच्या आघाडीच्या दोन जागांवर एकाच वेळी हे दोघे खेळत होते, आणि देशातल्या श्रीमंत क्लबांपैकी एकालाही ते दिसत नव्हते. जेमी वार्डी तर याहूनही खालून आला. शेफील्ड वेन्सडेने त्याला सोळाव्या वर्षी सोडले, स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून तो आठवड्याला ३० पौंडांवर खेळला, दिवसा कारखान्यात वैद्यकीय स्प्लिंट बनवायचे काम केले, हॅलिफॅक्स आणि फ्लीटवूडमार्गे २०१२ मध्ये १० लाख पौंडांना लेस्टरला गेला, आणि २०१५-१६ मध्ये सलग ११ सामन्यांत गोल करून लेस्टरच्या प्रीमियर लीगमधल्या अशक्य वाटणाऱ्या विजेतेपदाचा एक शिल्पकार ठरला.

स्ट्रायकरच्याच बाबतीत हे असे का घडते? बचावपटूची चूक दिसते, पण त्याचे चांगले काम मोजता येत नाही. मधल्या फळीतल्या खेळाडूची गुणवत्ता जाणकाराला कळते, विकत घेणाऱ्याला पटवून द्यावी लागते. गोल मात्र मोजता येतो. खालच्या श्रेणीतल्या स्ट्रायकरचा हंगाम एका आकड्यात मावतो, आणि त्या आकड्यावर तीन जणांचे भवितव्य ठरते. त्याचे स्वतःचे, कारण त्याचा करार बहुधा एक-दोन वर्षांचा असतो. क्लबाचे, कारण वीस गोल करणारा स्ट्रायकर विकून आलेल्या पैशांत लहान क्लब कर्जाचे हप्ते फेडतो. आणि गावाचे, कारण शनिवारी दुपारी तीन वाजता हजारो माणसे त्या एका माणसाकडे डोळे लावून बसलेली असतात. मजूर, मालमत्ता आणि आशा ही तिन्ही ओझी एकाच पाठीवर असणारा दुसरा खेळाडू मैदानावर नसतो.

मालमत्ता या शब्दाने कुणी दचकू नये. लहान क्लबांची अर्थव्यवस्था फार पूर्वीपासून याच शब्दावर चालली आहे. मॅकल्सफील्डला मिळालेले ३ लाख, रॉचडेलला मिळालेले २ लाख, ब्रिस्टल रोव्हर्सला मिळालेले १० लाख, हा खालच्या श्रेणीतला खरा पाटपाणीपुरवठा होता. वरच्या धरणातून थोडे पाणी खालच्या शेताला मिळत असे, आणि त्या बदल्यात खालचे शेत वरच्याला पीक देत असे. गेल्या काही वर्षांत हा पाट आटत चालला आहे. २०१२ मध्ये अकादम्यांसाठी नवी योजना लागू झाली. तिने अकादम्यांची वर्गवारी केली, वरच्या वर्गातल्या अकादम्यांना देशभरातून मुले घेण्याची मोकळीक दिली आणि लहान क्लबाने वाढवलेला मुलगा नेल्याबद्दल द्यायच्या भरपाईचे ठरावीक दर बांधून दिले. परिणाम लगेच दिसू लागले. वायकॉम्बने त्याच वर्षी आपली अकादमी बंद केली, ब्रेंटफर्डने २०१६ मध्ये. जो मुलगा मोठा क्लब हव्या त्या वेळी ठरावीक दराने उचलून नेणार, त्याला लहान क्लबाने का वाढवावे? त्यात ब्रेक्झिटनंतर, म्हणजे जानेवारी २०२१ पासून, इंग्लंडच्या क्लबांना परदेशातून अठरा वर्षांखालची मुले आणता येत नाहीत, त्यामुळे मोठ्या क्लबांची नजर देशातल्याच मुलांवर अधिक खिळली आहे.

इथे एक आक्षेप हमखास येतो. आता प्रत्येक मुलगा लहानपणापासून मोजला-मापला जातो, त्याची धावण्याची गती, फटक्यांची संख्या, सगळे संगणकात असते. मग लॅम्बर्टसारखा माणूस आता नजरेतून सुटणारच नाही, तेव्हा खालच्या शिडीची गरजच काय? हा आक्षेप मला मुळातच चुकीच्या समजुतीवर उभा वाटतो. लिव्हरपूलने लॅम्बर्टला पाहिले नव्हते असे नाही. पाच वर्षे तो त्यांच्या डोळ्यांसमोर होता. पंधराव्या वर्षी तो जसा होता तसा त्यांनी नीट पाहिला आणि नको म्हटले, आणि कदाचित त्या दिवशी त्यांचे बरोबरही होते. चूक मोजमापाची नव्हती, वेळेची होती. काही माणसे उशिरा पिकतात. स्ट्रायकरच्या बाबतीत तर हे अधिकच खरे, कारण पाठीवर बचावपटूचे वजन घेऊन चेंडू धरून ठेवणे, पहिल्या खांबाकडे पळायचे की दुसऱ्या हे क्षणात ठरवणे, तीन सामने गोल न होताही चौथ्यात त्याच विश्वासाने फटका मारणे, ही कौशल्ये शेकडो खऱ्या सामन्यांतूनच येतात. उशिरा पिकणाऱ्याला हवी असते ती थांबायची जागा, आणि त्या जागेलाच आपण लीग वन, लीग टू आणि नॅशनल लीग, म्हणजे तिसरी, चौथी आणि पाचवी पातळी, म्हणतो.

मोठ्या क्लबांना याची जाणीव नाही असेही नाही. २०१४ मध्ये फुटबॉल असोसिएशनचे तेव्हाचे अध्यक्ष ग्रेग डाइक यांच्या आयोगाने मोठ्या क्लबांच्या दुय्यम संघांना सामावून घेणारी एक नवी लीग चौथ्या श्रेणीखाली आणण्याची सूचना केली होती. खालच्या क्लबांनी आणि प्रेक्षकांनी ती जोरदार विरोध करून हाणून पाडली. मला तो विरोध योग्य वाटतो. दुय्यम संघाला हरण्याची भीती नसते. त्या सामन्यातल्या तीन गुणांवर कुणाच्या घराचे भाडे अवलंबून नसते. त्या लीगमध्ये खेळून मुलांना अनुभव मिळेल, पण मिळेल तो नाटकातल्या लढाईचा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो बाजूला सारून चालणार नाही. प्रीमियर लीग जो पैसा मिळवते तो तिच्या क्लबांच्या, तिच्या खेळाडूंच्या, जगभर पाहिल्या जाणाऱ्या तिच्या सामन्यांच्या बळावर मिळवते. मग खालच्या, बऱ्याचदा बेजबाबदारपणे चालवलेल्या क्लबांना तिने का पोसावे? ब्युरी हा १८८५ मध्ये स्थापन झालेला, दोनदा एफए कप जिंकलेला क्लब २०१८ च्या डिसेंबरमध्ये एका पौंडाला विकला गेला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकला गेला. अशा कारभाराला आणखी पैसा देणे म्हणजे फुटक्या मडक्यात पाणी ओतणे नव्हे का?

मडके फुटके आहे हे मान्य करूनच बोलायला हवे. पण पाणी कोणत्या प्रमाणात वाटले जाते हेही पाहू या. २०२५ पासून चार वर्षांसाठी प्रीमियर लीगचा देशांतर्गत प्रक्षेपणाचा करार ६७० कोटी पौंडांचा आहे, म्हणजे वर्षाला सुमारे १६७ कोटी, आणि तो २० क्लबांसाठी. त्याखालच्या तीन श्रेण्यांतल्या ७२ क्लबांचा प्रक्षेपणाचा करार २०२४ पासून पाच वर्षांसाठी ९३.५ कोटी पौंडांचा, म्हणजे वर्षाला सुमारे १८.७ कोटी. परदेशी हक्कांचा पैसा अजून धरलेलाच नाही. खालच्या ७२ क्लबांतही त्यांच्या सामायिक पैशांतला ८० टक्के वाटा दुसऱ्या श्रेणीला जातो, १२ टक्के तिसऱ्या श्रेणीला आणि उरलेले ८ टक्के चौथ्या श्रेणीतल्या २४ क्लबांत वाटले जातात. जिथे लॅम्बर्ट आणि होल्ट घडले ती श्रेणी याच ८ टक्क्यांवर जगते. प्रीमियर लीग खाली काही रक्कम देते हे खरे, पण तिचा फार मोठा भाग तिथून नुकत्याच घसरलेल्या क्लबांना मिळतो: पहिल्या वर्षी प्रीमियर लीगमधल्या समान वाट्याच्या ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५ आणि तिसऱ्या वर्षी २०. त्यामुळे दुसऱ्या श्रेणीतल्या बाकीच्या क्लबांना या घसरलेल्यांशी बरोबरी करण्यासाठी ऐपतीपलीकडे खर्च करावा लागतो, आणि हीच ओढ पायरीपायरीने खाली उतरते. म्हणजे खालच्या क्लबांचा बेजबाबदारपणा सगळा त्यांच्या स्वभावात नसतो. त्याचा मोठा भाग वरून ढकललेला असतो.

शिवाय प्रीमियर लीगचा पैसा फक्त तिचा आहे, हे म्हणणेही पूर्ण खरे नाही. ती लीग १९९२ मध्ये वेगळी झाली, पण वर चढण्याची आणि खाली घसरण्याची पद्धत तिने सोडली नाही, आणि तिच्या हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत जो थरार जगभर विकला जातो त्यातला अर्धा तरी घसरणीच्या भीतीतून येतो. खाली घसरायला जागा आहे म्हणून भीती आहे. ती जागा सांभाळणारे क्लब या कमाईचे भागीदार आहेत. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉलचे थेट प्रक्षेपण केले जात नाही, ते खालच्या क्लबांच्या प्रेक्षकसंख्येला धक्का लागू नये म्हणून. हा नियम १९६० च्या दशकापासून चालत आला आहे. तत्त्व तेव्हाच मान्य झाले होते, आता त्याची व्याप्ती वाढवण्याचा प्रश्न आहे.

म्हणूनच फुटबॉल नियमन कायद्याकडे मी आशेने पाहतो. २०२१ मध्ये युरोपातल्या मोठ्या क्लबांचा स्वतःची वेगळी सुपर लीग काढण्याचा बेत फसल्यावर ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखाली जो आढावा घेतला गेला त्यातून हा कायदा उगवला. पहिल्या पाच पातळ्यांवरच्या क्लबांना आता नियामकाचा परवाना लागेल, मालकांची पात्रता तपासली जाईल, आणि वरची आणि खालची लीग पैशाच्या वाटपावर एकमत करू शकल्या नाहीत तर त्यात निर्णय देण्याचा अधिकार नियामकाला असेल. घसरलेल्या क्लबांना मिळणारी रक्कमही त्या विचारातून सुटलेली नाही. खालच्या लीगची मागणी एकत्रित प्रक्षेपण उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची आहे. माझ्या मते ती मागणी वाजवी आहे, पण तिला दोन अटी जोडल्या गेल्या पाहिजेत. एक, हा पैसा खालच्या लीगमध्ये आजच्या ८०-१२-८ च्या प्रमाणात वाटला जाऊ नये. तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीला अधिक वाटा हवा, कारण शिडीचा सगळ्यात कमकुवत भाग तोच आहे. दोन, ज्या क्लबाने खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थकवले आहेत त्याच्या मालकाच्या हातात तो पैसा जाऊ नये, त्यातून आधी पगार चुकते व्हावेत. मडके फुटके असेल तर ते सांधण्याची अट घालूनच पाणी द्यावे, पण पाणी तोडू नये.

ही चर्चा आपल्याला अगदीच परकी नाही. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात खालून चढण्याची वाटच नव्हती; तिच्याखालची आय-लीग जिंकून वर येणारा पहिला क्लब, पंजाब एफसी, २०२३ मध्ये आला. मुंबईतला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. पुण्यातल्या एखाद्या उशिरा पिकणाऱ्या स्ट्रायकरला वयाच्या चोविसाव्या वर्षी कोणत्या पायरीवर थांबून वाट पाहता येईल, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. ज्यांच्याकडे शतकाहून जुनी शिडी आहे त्यांनी ती किडू देणे म्हणून अधिकच खटकते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगायला हवी. शिडी जपायची ती केवळ पुढचा लॅम्बर्ट सापडावा म्हणून, असे म्हटले तर आपण पुन्हा त्याच अर्ध्या तात्पर्यापाशी येऊन थांबतो. खालच्या श्रेणीतले बहुसंख्य स्ट्रायकर कधीच वर पोहोचत नाहीत. पंधरा-सोळा वर्षांत आठ-दहा क्लब, दर दोन वर्षांनी नवे गाव, नवे भाड्याचे घर, मुलांची नवी शाळा, गुडघ्याच्या एक-दोन शस्त्रक्रिया, आणि पस्तिशीत कारकीर्द संपते तेव्हा हाती फारशी शिल्लक नाही. हे आयुष्य अपयशी नाही. ज्याने रॉचडेलसारख्या गावात एका हिवाळ्यात वीस गोल केले त्याने त्या गावाला वीस वेळा एकत्र उभे राहून ओरडायला कारण दिले. गिरण्या बंद पडलेल्या, बाजारपेठ ओस पडलेल्या गावांत याची किंमत पौंडांत काढता येत नाही. तो माणूस वर गेला नाही म्हणून त्याचे काम कमी मोलाचे ठरत नाही, आणि त्याच्या पगाराची हमी वर गेलेल्यांच्या यशावर अवलंबून असता कामा नये.

दरवर्षी मे महिन्यात क्लब कोणाला ठेवले आणि कोणाला सोडले याच्या याद्या जाहीर करतात, आणि ३० जूनला करार संपतात. त्या दोन तारखांच्या मधल्या आठवड्यांत शेकडो खेळाडू फोनची वाट पाहत असतात. नियामकाने क्लबांचे परवाने तपासताना आर्थिक आराखड्याच्या पहिल्याच पानावर एवढे पाहावे: सध्याच्या खेळाडूंचा पगार संपूर्ण हंगामभर देता येईल एवढी रक्कम बाजूला ठेवलेली आहे का? मॅकल्सफील्डमध्ये २०१९ च्या उन्हाळ्यात हा प्रश्न कुणी विचारला असता, तर नोव्हेंबरमधल्या त्या दुपारी किंग्स्टोनियनसमोर पोरसवदा मुलांना उतरवण्याची वेळ आली नसती.